लढाऊ रोबोटांच्या आखाड्यासाठी टिकाऊ तळ कोणता?

आखाडेवाला:
मंडळी, बीटलवेट म्हणजे १.३६ किलोपर्यंतच्या लढाऊ रोबोटांसाठी ८ बाय ८ फुटांचा बंद आखाडा बांधतोय. सांगाडा उभा आहे, भिंती पॉलिकार्बोनेटच्या हेही ठरलं. घोडं अडलंय ते तळावर. गटात कुणी म्हणतं १८ मिमी प्लायवूड पुरे, कुणी एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड), कुणाला पोलादी पत्राच हवा. स्पर्धा संपली की दरवेळी सगळं सोडवून ठेवायचं असल्यामुळे वजनही बघावं लागणार. वापरलेल्यांनी सांगा.

पत्रेबहाद्दर:
एमडीएफचं नाव काढू नका. नवा असताना छान सपाट दिसतो, पण उभ्या स्पिनरचं, म्हणजे उभं पातं गरगर फिरवणाऱ्या रोबोटाचं, पातं एकदा टेकलं की खड्डा आणि भुसा. कडेतून ओल शिरली की फुगतो, आणि फुगलेला एमडीएफ परत बसत नाही.

खाली १८ मिमी प्लाय, वर ३ मिमी माइल्ड स्टीलचा पत्रा, हे माझं मत. पत्रा पात्याला तोंड देतो, प्लाय त्याला खालून आधार देतं. ३ मिमी पत्रा चौरस मीटरला साधारण २३.५ किलो भरतो, म्हणजे तुमचा तळ १४० किलोच्या घरात. ८ बाय ४ चे दोन घेण्यापेक्षा ४ बाय ४ चे चार तुकडे करा. एकेक ३५ किलोचा, दोघांत सहज उचलतो.

पण तुकडे आले की सांधे आले, आणि खरी भानगड तिथेच आहे. लोक जाडीवर वाद घालत बसतात, आखाडा बिघडतो तो सांध्यांमुळे. चांगल्या वेजची, म्हणजे रोबोटाच्या पुढच्या उतरत्या पाचरीची, कड तळाला घासत चालते. पूर्ण वेगात असताना तिला अर्धा मिलिमीटर वर आलेली पत्र्याची धार लागली की पुढचा भाग जागीच थांबतो, मागची चाकं उचलली जातात आणि प्रतिस्पर्ध्याने काहीही न करता गडी उलटा. मग तो आयोजकांच्या नावाने खडे फोडणारच.

सांधा जुळवला की त्यावरून नख आडवं फिरवा, दोन्ही दिशांनी. नख अडलं तर वेजही अडणार. पत्र्याचा सांधा प्लायच्या सांध्यावर येऊ देऊ नका. स्क्रू काउंटरसंक, म्हणजे डोकं पत्र्यात बुडून सपाट बसणारे, घ्या, पण एम६ (६ मिमी) चं डोकं ३ मिमी पत्र्यात पुरतं बुडत नाही, तेव्हा एम५ किंवा त्याहून लहान.

लाकूडप्रेमी:
बीटलसाठी पत्रा, मान्य. पण १५० ग्रॅमचे अँटवेट खेळवणाऱ्यांनी हे वाचून घाबरू नये, त्यांना रंगवलेलं प्लायसुद्धा पुष्कळ झालं.

आता कुणीतरी एचडीपीई हे जाड प्लॅस्टिक सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. ते तापलं की चांगलंच वाढतं. ८ फुटांच्या लांबीत १० अंशांना ३ मिमी तरी धरा. कडेला जागा सोडली नाही तर मधोमध फुगून उठतं. शिवाय त्यावर चाकं घसरतात.

आखाडेवाला:
स्टेनलेस घेतलं तर? गंजाची कटकट नाही. आणि पोलादी तळाला घट्ट चिकटून राहायला पोटाखाली चुंबक लावणाऱ्या रोबोटांचं काय करायचं?

पत्रेबहाद्दर:
३०४ स्टेनलेसला चुंबक जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी मरतील खरे. पण चुंबक नको असतील तर नियमात तसं लिहा, त्यासाठी स्टेनलेसवर पैसे कशाला? तळ कशाचा आणि किती जाडीचा हे मात्र नियमावलीत आधीच जाहीर करा. चाकांचं रबर आणि वेजची कड लोक त्यावरून ठरवतात.

गंजाचं म्हणाल तर ठेवताना तेलाचा पातळ हात द्या, आणि पत्रे पुन्हा आखाड्यात बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसा. तेलाचा अंश राहिला तर चाकं जागच्या जागी फिरतात.

लाकूडप्रेमी:
दर लढतीनंतर चुंबकी झाडू फिरवा, पण तेवढ्यावर भागत नाही. अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम आणि प्लॅस्टिकचे तुकडे त्याला लागत नाहीत, म्हणून मागोमाग साधा झाडू हवाच. पातं लागलेल्या जागी खड्डा दिसला तर राहू द्या, त्याच्या काठाला उठलेली धार तेवढी फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायच्या घासकागदाच्या चकतीने) घासून काढा. घासताना रोबोटांच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या लांब ठेवा, ठिणग्या कुठे जातील सांगता येत नाही. आणि आखाड्यात बॅटरी पेटलीच, तर धूर निवळल्यावर तो तुकडा उचलून खालचं प्लाय बघा. वरून पत्रा नुसता काळा दिसतो, खाली लाकूड धुमसत असू शकतं.

आखाडेवाला:
म्हणजे पाचवा तुकडा जादा कापून ठेवतो.

पत्रेबहाद्दर:
ठेवा, पण भोकं पाचही तुकड्यांना एकाच साच्यावरून पाडा. नाहीतर ऐन स्पर्धेत जादा तुकडा हातात आणि ड्रिल शोधायला पळापळ.