हप्ता झेपला म्हणजे गाडी झेपली?

मिनी कूपर या छोट्या पण महागड्या गाडीचा हप्ता झेपला की झालं, हा हिशोब मला काही पटत नाही. खरा खर्च वॉरंटी संपल्यावर सुरू होतो. टायरच बघा. बऱ्याच मिनींना रन-फ्लॅट टायर येतात. हवा गेली तरी ताशी 80 किमीच्या आत साधारण 80 किमी जाता येतं, पण नंतर तो टायर बहुतेकदा बदलावाच लागतो, आणि साध्या टायरपेक्षा महाग पडतो. (स्टेपनी विसराच!) जुनी घेणार असाल तर 2007 च्या सुमाराची टर्बो कूपर एस जपून बघा, तिच्या टायमिंग चेन टेन्शनरची (इंजिनातली साखळी ताणून धरणाऱ्या भागाची) तक्रार जुनीच आहे. थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू आली तर सौदा तिथेच सोडा. बाकी वळणावर ती जशी रस्त्याला चिकटून जाते, त्याचे पैसे मी आनंदाने मोजेन. मागच्या सीटवर रोज मोठी माणसं बसणार असतील तर मात्र नाही.