रिपब्लिकन आमदार, डेमोक्रॅट सिनेटर: ऑरेगॉन, १९०९

प्रश्न
१९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपूर्वी अमेरिकेतील सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत असत, आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार मतदान करतात तसेच. मग ऑरेगॉनमध्ये रिपब्लिकनांचे भक्कम बहुमत असताना जानेवारी १९०९ मध्ये तेथील डेमोक्रॅट गव्हर्नर जॉर्ज चेंबरलेन सिनेटवर कसे निवडून आले? आमदार फुटले होते काय?

प्रतिसाद १
फुटले नव्हते, लेखी दिलेल्या शब्दाला जागले. १९०४ च्या कायद्याने विधिमंडळाच्या उमेदवारापुढे दोन मसुदे ठेवले होते. सार्वत्रिक निवडणुकीत सिनेटसाठी ज्याला जनतेची सर्वाधिक मते पडतील त्यालाच, स्वतःची पसंती बाजूला ठेवून, मी मत देईन, असे ‘निवेदन क्रमांक १’ मध्ये होते. क्रमांक २ मध्ये जनतेचा कौल ही केवळ शिफारस मानली होती. कोणतेच न स्वीकारण्याचीही मुभा होती, पण मतदारांसमोर तसे उभे राहणे जड जाई. जून १९०८ मध्ये चेंबरलेन यांनी रिपब्लिकन उमेदवार केक यांना हरवले आणि क्रमांक १ वर सही केलेले रिपब्लिकन आमदार अडकले.

प्रश्नकर्ता
शब्द मोडला असता तर कायद्याने काही करता आले असते का?

प्रतिसाद २
नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. सिनेटर निवडण्याचा अधिकार संघराज्याच्या घटनेनेच विधिमंडळाला दिलेला असल्यामुळे राज्याच्या कायद्याला तो काढून घेता येत नव्हता. म्हणून ऑरेगॉनमधील सुधारणावादी नेते विल्यम यूरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सक्तीऐवजी वचनाची वाट काढली. १८९७ मध्ये सिनेटच्या जागेवरून ऑरेगॉनचे कनिष्ठ सभागृह रीतसर स्थापनच होऊ शकले नव्हते आणि जागा रिकामी राहिली होती, हे लोक विसरले नव्हते.

प्रतिसाद १
एक पुरवणी जोडतो. १९०७ मध्ये याच पद्धतीने जोनाथन बोर्न निवडले गेले, पण ते रिपब्लिकनच होते, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. सह्या करताना डेमोक्रॅट जिंकेल असे फारच थोड्यांच्या मनात आले असावे, असा माझा तर्क आहे. १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये याच राज्याने अध्यक्षपदासाठी टाफ्ट या रिपब्लिकनालाच कौल दिला होता.