परदेशी कंपनीशी करार करा, पण सर्टिफिकेट आपल्या शेतकरी कंपनीच्या नावावर घ्या

माणकाठ (सांगोला)
डिसेंबर 2024 मध्ये सोलापूर भागातली 5.7 टन डाळिंबं जहाजानं निघाली आणि 13 जानेवारी 2025 ला सिडनीला उतरली. तेव्हापासून तालुक्यात परदेशी खरेदीदारांच्या वतीनं बोलणारी माणसं वाढली आहेत. पाच वर्षांचा करार करा, शाश्वत शेतीचं प्रशिक्षण देऊ, ग्लोबलगॅपचा, म्हणजे परदेशी दुकानं मागतात त्या चांगल्या शेतीच्या सर्टिफिकेटचा, खर्च आमचा, असा प्रस्ताव असतो.

माझं मत, करार करावेत. मर रोगानं आणि खोडकिड्यानं सांगोल्यात डाळिंबाच्या बागाच्या बागा काढाव्या लागल्या. ज्यांच्या टिकल्या, त्यांनी किती दिवस बांधावरच्या सौद्यावर राहायचं? तोडणीच्या दिवशी व्यापारी डाग दाखवून दर पाडतो आणि आपण गप्प बसतो, कारण फळावर डाग पाडणाऱ्या तेल्या रोगाच्या भीतीनं फळ झाडावर ठेवायची सोय नसते.

पण एक अट सोडू नका. ग्लोबलगॅपमध्ये गटाचं सर्टिफिकेट निघतं. खर्च निर्यातदारानं केला की ते त्याच्या नावावर निघतं. फवारणीची वही आपण लिहायची: तारीख, औषध, प्रमाण, कुणी मारलं, तोडणीला किती दिवस बाकी. औषधांची कुलूपबंद खोली आपण बांधायची, माती-पाण्याचे नमुने आपल्याच रानातले. आणि पुढच्या बहाराला, म्हणजे फळाच्या पुढच्या हंगामाला, दुसरा खरेदीदार चांगला दर देतोय म्हटलं तर हातात कागद नाही. बाग तीच, फळ तेच, तरी सर्टिफाइड म्हणून विकता येत नाही. म्हणून सर्टिफिकेट शेतकरी कंपनीच्याच नावावर हवं, मग खर्च कुणीही करो.

नान्नजकर
सर्टिफिकेट नावावर असूनही माणूस बुडतो, हे द्राक्षवाल्यांना विचारा. 2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं. लिहोसीन या नावानं आपण ते वेलीची वाढ रोखायला वापरत होतो. निर्यातीआधी ज्या औषधांसाठी माल तपासला जायचा, त्या यादीतच ते नव्हतं. इथला रिपोर्ट स्वच्छ आणि तिकडे कंटेनर अडकलेले. आमच्या मालाचे पैसे महिनोन्महिने आले नाहीत आणि निर्यातदारानं फोन उचलणं बंद केलं.

त्यामुळे पहिली अट जोखमीची हवी. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. शेजारच्या रानातून वाऱ्यानं आलेल्या फवाऱ्यातही माल नापास होऊ शकतो. फळं निवडून पेट्यांत भरतात त्या पॅकहाऊसमधून माल पास होऊन निघाला की पुढच्या रिजेक्शनचा भार खरेदीदारानं उचलावा, हे करारात नसेल तर बाकी सगळ्या गप्पा आहेत.

काळी_माती (मंगळवेढा)
मला मूळ गोष्टच पटत नाही. युरोपातल्या दुकानात ठेवायला फळ पिकवायचं, त्यासाठी बोअर खोल न्यायची, शेततळ्याला प्लास्टिक अंथरायचं, आणि याला शाश्वत म्हणायचं? आमची ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येते, पाण्याची पाळी लागत नाही. कडबा जनावराला, दाणा घरात. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्यासाठी किती परदेशी भागीदार आले?

शिवाय 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. भाडं वाढलं, दिवस वाढले. नाशवंत माल आणि इतका लांबचा गिऱ्हाईक, यावर संसार उभा करू नये.

माणकाठ
ज्वारीबद्दल पूर्ण सहमत. पण सांगोल्याच्या माळावर तुमच्यासारखी खोल काळी जमीन नाही, मुरमाड रान आहे. इथं ठिबकवरचं डाळिंब नको म्हटलं तर लोक टेंभू योजनेच्या पाण्यावर ऊस लावतील. उजनी धरणाखाली उसानं पाण्याचं काय झालं ते जिल्हा बघतोय.

पॅकहाऊस
मी निर्यातीच्या धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. गट उभा करायचा, वह्या तपासायला माणूस ठेवायचा, फळात औषधाचा अंश (रेसिड्यू) राहिलाय का याच्या तपासण्या करायच्या, ऑडिटची फी भरायची. सर्टिफिकेट एका वर्षाचं असतं, म्हणजे हा खर्च दर वर्षी. आणि तोडणीच्या आदल्या रात्री कुणी किलोला चार रुपये जास्त दिले की माल त्याच्या गाडीत जातो. तिकडे कंटेनर बुक झालेला असतो. तेव्हा करार कुणाला आठवतो? सर्टिफिकेट माझ्या नावावर असणं एवढीच माझ्याकडची हमी आहे. ती काढून घेतली तर मी प्रशिक्षणावर एक रुपया घालणार नाही, माझ्या जागी कुणीही घालणार नाही.

द्राक्षबाग_पंढरपूर
नान्नजकरांशी सहमत. पॅकहाऊस यांचाही मुद्दा खोटा नाही, आमच्या गटात असं झालंय.

माणकाठ
पॅकहाऊस, शब्द मोडणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. त्याला गटानं दंड लावावा, पुढच्या वर्षी बाहेर काढावं. पण चार जणांनी माल फिरवला म्हणून सगळ्या गावाचा कागद एका व्यापाऱ्याच्या कपाटात का?

नाशिकच्या सह्याद्री फार्म्सनं 2022 मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्सच्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी रुपये घेतले. ते पैसे शेतकऱ्यांच्या कंपनीनं उभ्या केलेल्या व्यवसायात आले. स्वतःचं पॅकहाऊस, स्वतःच्या नोंदी आणि एकत्र माल होता, म्हणून समोरच्याशी बरोबरीनं बोलता आलं. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून आपल्या दारात आहे. तरी आपण अजून एकेकटे सौदा करतो, याचा मला मनापासून राग येतो.

नान्नजकर
सह्याद्री एका वर्षात उभी राहिली नाही. सांगोल्यातल्या दोन एकरवाल्याला या हस्त बहारात काय सांगायचं? मी सांगेन, तपासणीसाठी फळांचा नमुना दोन भागांत घ्यायला लावा. एक प्रयोगशाळेत जाईल, दुसरा सीलबंद करून, दोघांच्या सह्यांसह शीतगृहात ठेवायचा. तिकडून नापासचा निरोप आला तर तो फोडून तपासायचा. आज शेतकऱ्याकडे बोलायला पुरावाच नसतो.

पॅकहाऊस
नमुन्याचं मान्य, उद्यापासून करायला तयार आहे. सर्टिफिकेटचं नाही. गट ऑडिटचा अर्धा खर्च भरत असेल तर तिसऱ्या वर्षी त्याच्या नावावर करू.

माणकाठ
अर्धा खर्च भरू. पण पहिल्या वर्षापासून नावावर हवं, आणि हे करारात मराठीत लिहिलेलं हवं.