राइडला तिकीट लावणारे भुरटे? आधी हिशेब मांडा

चढउतार: कालच्या पोस्टीत कुणीतरी ठणकावलंय, ‘गेटवर एकदाच पैसे घ्या, राइडराइडला तिकीट लावणं म्हणजे भुरटेगिरी.’ अहो, रोलरकोस्टर टायकून, म्हणजे पार्क उभारून चालवायचा तो कंप्युटर गेम, नीट खेळलाय का कधी? नवी कोस्टर उभी राहिली, एक्साइटमेंटचा आकडा चांगला आला की तिकीट चढं ठेवायचं. ‘एवढे पैसे मी देणार नाही’ हे पाहुण्यांच्या डोक्यात दिसायला लागलं की जरा उतरवायचं. राइड जुनी होते तशी तिची पत घसरते, मग भावही खाली. खेळ तो हाच! गेटवर एकदा वसुली केली की पाहुणा खिशात नोटा घेऊन दिवसभर फुकट झुलतो.

गेटवाला: पोस्ट माझीच. 1999 च्या पहिल्या भागात दोन्हीकडून उकळता यायचं, दुसऱ्या भागात सिनॅरिओच, म्हणजे खेळायला दिलेला डावच, ठरवतो पैसे गेटवर की राइडवर. गेटचा सिनॅरिओ आला की तुमची विद्वत्ता कुठे ठेवणार? आणि दर थोड्या वेळाने एकेका राइडची खिडकी स्क्रीनवर उघडून भाव उतरवायचा, याला आम्ही कारकुनी म्हणतो.

मधलीसीट: दोघंही भांडत बसा. खरा पैसा छत्रीत. पाऊस आला की इन्फो किऑस्कवर, म्हणजे पार्कातल्या माहितीच्या टपरीवर, छत्री 20 डॉलरला लावा, भिजलेला पाहुणा भाव न बघता घेतो.

गेटवाला: ही तर लूट झाली!

मधलीसीट: लूट? 1994 च्या ‘थीम पार्क’ गेममध्ये फ्राइजवर मीठ वाढवून कोल्ड्रिंक खपवलंत ना सगळ्यांनी? तेव्हा नीती कुठे गेली होती?

चढउतार: धागा तिकिटांचा आहे.

मधलीसीट: तिकिटांचंच बोलतोय. टॉयलेटला लावता की नाही?

गेटवाला: टॉयलेटला पैसे लावणाऱ्याशी मी बोलत नाही. माझ्या धाकट्या भावाने लावले होते, दोन दिवस कंप्युटरला हात लावू दिला नाही त्याला.

चढउतार: वा, काय हा न्याय! आणि ‘भुरटेगिरी’चं काय? डिस्नीलँडसुद्धा 1982 पर्यंत राइडसाठी कूपनं घेत होतं. सगळ्यात भारी राइडला ‘ई’ अक्षराचं कूपन, तेच ई-तिकीट.

गेटवाला: बरं, 1982 पर्यंत डिस्नीलँड भुरटं होतं. मान्य. खूश?

मधलीसीट: टॉयलेटचं उत्तर राहिलंच. रस्त्यावरच्या ओकाऱ्या पुसणाऱ्यांचा पगार तुमची तत्त्वं देणार का?