अनुभव धागा : कामावरनं घरी पोचेपर्यंत

परवा भिशीत हा विषय निघाला आणि दोन तास तोच चालला, म्हणून धागा काढलाय. मैत्रिणींनो, कामावर नाहीतर येता-जाता काय झालं आणि तुम्ही काय केलंत ते लिहा. कंपनीचं, माणसाचं नाव नको. आणि 'रात्री बाहेर पडूच नये' हा सल्ला द्यायला कुणी येऊ नका, तो आईनं देऊन झालाय.

पॅकिंगवाली
मीच सुरू करतो (आमच्यात बायका पण करतो-जातोच म्हणतात, हसू नका). कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एमआयडीसीत होतो. दुसरी पाळी साडेअकराला सुटायची आणि कंपनीची गाडी हायवेलाच सोडायची, आत वस्तीत वळवायला ड्रायव्हरला कंटाळा. तिथनं घर पंधरा मिनटं, मधले दोन दिवे कायम बंद. नवरा न्यायला यायचा, त्याची रात्रपाळी आली की दीर, तोही नसला की माझा खाडा. एका महिन्यात चार खाडे झाले, पगार कापला. मग आम्ही सातजणी एकदम साहेबांच्या केबिनमध्ये, दारात सोडा नायतर सकाळची पाळी द्या. सकाळची द्यायची नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी वळली. वळायला जागा होती की, पहिल्यापासनं.

शिवाजी विद्यापीठ, एम.ए.
केएमटीत (कोल्हापूरची सिटी बस) गर्दीत मागचा चिकटत होता. मी सरकले, तो पण सरकला. शेवटी मोठ्यानं म्हटलं, "काका, हात खिशात ठेवा." पुढं मला काही बोलावंच लागलं नाही, मांडीवर भाजीची पाटी घेतलेल्या एका आजींनी त्याला जे सुनावलं ते इथं टाईप करता येत नाही. पुढच्या स्टॉपला उतरला गप.

साडी काउंटर
माझं वेगळंच आहे. महाद्वार रोडला दुकानात दिवसभर उभी, आणि बाथरूम नाही. बाहेर जाऊन यायला वीस मिनटं, शेठ घड्याळाकडं बघणार, म्हणून मी पाणीच प्यायचे नाही. दोनदा इन्फेक्शन झालं, डॉक्टर म्हणतात पाणी प्या, पिते हो, पण जाऊ कुठं? शेवटी शेठाणींना सांगितलं तर त्यांनी वरच्या घरातलं उघडून दिलं. सात वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दिवाळीत रात्रीचे साडेदहा होतात ते अजून तसंच आहे.

अकाउंटंट ताई
@साडी काउंटर, २०१७ चा दुकानांचा कायदा बघ, तुमच्या दुकानाला लागू होतो का ते आधी विचार. लागू असेल तर रात्री साडेनऊनंतर थांबवायला तुझी संमती पाहिजे आणि घरी सोडायची सोय पण त्यांचीच. माझा अनुभव थोडक्यात, ऑफिसात आम्ही सहाच जण आणि त्रास खुद्द सरांचाच, मेसेज वगैरे. मला वाटायचं अशा तक्रारींची समिती फक्त मोठ्या कंपन्यांत असते. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात दहापेक्षा कमी माणसं असली किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं, तीन महिन्यांच्या आत, लेखी. मेसेज डिलीट करू नका, मी पहिले चार रागानं डिलीट केले आणि नंतर तेच लागले. नोकरी सोडली, पण तक्रार करून सोडली.

वडापवाला
पुरुषांनी लिहिलं तर चालतंय का? आमच्या वडापच्या (शेअर गाड्यांच्या) स्टॉपवर आता ड्रायव्हरशेजारी लेडीज बसवायची नाही असं ठरलंय. म्हणजे बायकोनं ठरवलंय, मी मित्रांना सांगितलं.

पॅकिंगवाली
कुठला स्टॉप भाऊ? धाकटी जाऊ पुढच्या महिन्यापासनं शिरोलीला कामाला लागणार आहे.