डेफरन्स: आदर, झुकतं माप की मुभा?

अनुवादिका: अमेरिकी प्रशासकीय कायद्यावरचा एक अनुवाद तपासतेय. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल ‘२०२४च्या निकालानंतर न्यायालये सरकारी खात्यांचा आदर करणार नाहीत’ असं वाक्य आहे. मूळ शब्द ‘डेफरन्स’. ‘आदर’ वाचून न्यायाधीशांनी खात्यांचा पाणउतारा केल्यासारखं वाटतं. दुसरं काय सुचतं?

कायदेवाचक: ‘झुकतं माप’. १९८४च्या शेव्हरॉन निकालाचं सूत्रच तसं होतं. कलम संदिग्ध असेल आणि खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायालयाला दुसरा अर्थ अधिक पटला तरी खात्याचाच चालायचा.

कोशप्रेमी: झुकत्या मापाला पक्षपाताचा वास येतो. शिवाय १९४४च्या स्किडमोर निकालाचं काय? तिथे खात्याचं मत बंधनकारक नाही, त्यातला युक्तिवाद जितका पटेल तितकंच त्याला वजन. तिथेही ‘डेफरन्स’च म्हणतात. मी स्किडमोरला ‘वजन’ म्हणेन, शेव्हरॉनला ‘मुभा’. आजी ‘तुला मुभा आहे’ म्हणायची तेव्हा निवड आपली असायची, तिला पटो न पटो. मूळ अरबी ‘मुबाह’.

शुद्धमती: अरबी कशाला? ‘अर्थनिर्णय-स्वातंत्र्य’ म्हणा.

कोशप्रेमी: ‘कायदा’ही अरबीच. तोही काढणार का?

कायदेवाचक: भाषेचं सोडा, ‘मुभा’ने अर्थच उलटेल. २०२४च्या लोपर ब्राइट निकालाने शेव्हरॉन मोडीत काढला, पण कायद्यानेच खात्याला एखादी गोष्ट ठरवायचा अधिकार दिला असेल, तर ती मुभा शाबूत आहे. न्यायालय फक्त तिची हद्द तपासतं. गेलं ते एवढंच, की निव्वळ संदिग्धतेतून खात्याच्या अर्थाला मिळणारी मान्यता. हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींवर सरकारी निरीक्षक असतात. त्यांचा खर्च बोटमालकांच्या माथी मारता येतो का, यावर कायदा गप्प होता. लोपर ब्राइटचा वाद तिथूनच उठला.

अनुवादिका: म्हणजे खात्यांचं कामही बदलतं. पूर्वी ‘हा अर्थ वाजवी आहे’ एवढं पुरायचं, आता ‘हाच सर्वांत योग्य’ हे न्यायालयाला पटवावं लागणार.

कायदेवाचक: हो, आणि सरकार बदललं की अर्थ बदलणंही अवघड. शेव्हरॉन खटल्यात १९८१ साली ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, अख्खा कारखाना प्रदूषणाचा एकच ‘स्रोत’ धरला होता. आधीची भूमिका वेगळी होती, तरी शेव्हरॉनच्या सूत्रामुळे ते न्यायालयात टिकलं.

शुद्धमती: पण ईपीएला ‘खातं’ म्हणणंच चूक. ‘अभिकरण’ म्हणा.

कोशप्रेमी: अभिकरण कोण बोलतं? ‘यंत्रणा’ म्हणा.

शुद्धमती: यंत्रणा म्हणजे सगळी व्यवस्था. एका संस्थेला तो शब्द कसा चालेल?