गेममधला दौलताबाद पोराचा, मग गाण्याचा दंड कुणाचा?

लातूरकर मामा: भाचा नववीत हाय. सुट्टीत आला आन् आठ दिवस मोबाईलला चिकटून एका ऑनलाइन गेमात दौलताबाद किल्ल्याची अंधारी, म्हंजे तिथली अंधारी भुयारी वाट, बांधली. मशाल विझली की काहीच दिसत नाही, मी दोनदा खंदकात पडलो. वर मेंढा तोफ, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं सुद्धा. पण पठ्ठ्यानं दरवाजात सिनेमाचं गाणं लावलं आन् तोफेवर नेटवरचा कुणाचा तरी फोटो डकवला. गेमवाल्यांनी त्याचा नकाशा, म्हंजे त्यानं बांधलेला किल्लाच, उडवला आन् खात्याला ताकीद दिली. माझं म्हणणं एवढंच, गेमवाले त्याच नकाशात मशाली-टोप्या विकायलेत, तर गाण्याचे पैसे बी त्यांनीच भरावेत.

नांदेडचा वकील: मामा, रोज लाखो नकाशे चढतात. प्रत्येकात कुणाचं गाणं आहे ते आधीच तपासा म्हटलं, तर कंपनी नकाशे बांधायची सोयच बंद करेल. गाण्यांची कंपनी टी-सिरीज आणि लोक जिथं गाणी चढवायचे ती वेबसाइट मायस्पेस, यांच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टानं २०१६ मध्ये हेच सांगितलं: नेमकी कोणती फाईल ते कळवा, ३६ तासांत काढली नाही तर जबाबदार धरा. भाच्याचा नकाशा काढला म्हणजे कंपनी नियमानंच वागली.

लातूरकर मामा: ह्येला हात झटकणं म्हणतेत. अमेरिकेत जून २०२१ मध्ये संगीत प्रकाशकांनी रोब्लॉक्सवर, म्हंजे खेळाडूंनीच गेम बांधायच्या असल्याच एका कंपनीवर, २० कोटी डॉलरच्या वर दावा ठोकला, सप्टेंबरात तडजोड झाली. मोठा दावेदार आला की कंपनी बोलायला बसती.

परभणीचा फोटोवाला: गाण्यावरच भांडायलात, फोटोचं कुणी नावच काढंना. किल्ला सगळ्यांचा, कबूल. पण तोफेवर तिरपं ऊन यायची वाट बघत दोन तास बसलेला माणूस कोण? फोटोवर काढणाऱ्याचा हयातभर आन् त्याच्या मागं ६० वर्षं हक्क असतो म्हणे. गाण्याच्या मागं मोठी कंपनी हाय, आमच्या मागं कोण? तक्रारीचा फॉर्म बी इंग्रजीत.

बीडचा गेमर: वकीलसाहेब, २००४ मध्ये हल्कच्या कॉमिक्सवाल्या मार्व्हलनं ‘सिटी ऑफ हिरोज’ ह्या ऑनलाइन गेमच्या कंपनीवर, एनसीसॉफ्टवर, केस टाकली होती, का तर खेळाडू हल्कसारखी पात्रं बनवायलेत. पुरावा बघितला तर त्यातली काही पात्रं मार्व्हलच्याच माणसांनी बनवलेली! कोर्टानं ती पुराव्यातून काढली, २००५ च्या शेवटाला तडजोड. म्हणून नुसत्या तक्रारीवर बी भरोसा नको. आन् दुसरी गोष्ट: ‘वॉरक्राफ्ट ३’ गेममधल्या खेळाडूंच्या नकाशांबद्दल तो गेम काढणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीचं २०२० चं धोरण वाचा. खेळाडूनं बनवलेला कस्टम गेम कंपनीच्या मालकीचा, आन् त्यात दुसऱ्याचं काही घातलं तर दोष खेळाडूचा. मालकी कंपनीची आन् चूक पोराची, हे कुठलं गणित?

नांदेडचा वकील: हे मात्र मलाही खुपतं. जी कंपनी नकाशा स्वतःचा म्हणते, तिनं ‘आम्ही फक्त जागा दिली’ म्हणू नये. पण मामा, तुमच्या गेमच्या अटी वाचल्या का?

लातूरकर मामा: कुणी वाचतंय का बाप्पा. भाच्यानं ‘मान्य’ दाबलं.

परभणीचा फोटोवाला: तोफेचे चार फोटो माझ्याकडं हायेत. कोपऱ्यात नाव टाकणार असंल तर घ्या, पैसे नकोत.

नांदेडचा वकील: लेखी घ्या, मामा.